मशीनचा माठ

नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल कौतुकानं बोलणारा कुणी भेटला, की मी त्याला एकच प्रश्न विचारते. तुमच्या घरी कूलर कुठल्या खोलीत होता? वाळ्याचा वास, कैरीचं पन्हं, दुपारची गाढ झोप असं जे रंगात येऊन चाललेलं असतं, ते जरा थांबतं. ‘बैठकीत,’ उत्तर येतं. मग मी विचारते, आणि तुमची आई दुपारी कुठल्या खोलीत असायची? यावर बहुतेक जण नुसतेच हसतात. मला त्या हसण्याचा अजून राग येतो.

आमचाही बैठकीतच होता. पत्र्याचा, हिरव्या रंगाचा, छातीएवढा उंच. बाहेर ओसरीत चाकांच्या लोखंडी स्टँडवर तो उभा असायचा आणि बैठकीच्या खिडकीतून आत हवा फेकायचा. त्या हवेची वाटणी ठरलेली होती. खिडकीसमोर दिवाण, दिवाणावर सासरे. खाली सतरंजीवर माझा नवरा. पाहुणा आला तर त्याची गादी त्या दोघांच्या मध्ये. जेवणं झाली की बैठकीचं दार आतून लावून घेतलं जाई, कारण ‘हवा बाहेर जाते’. बाहेर म्हणजे आमच्याकडे. सासूबाई आणि मी, आम्ही बाहेर.

स्वयंपाकघरात साधा पंखासुद्धा नव्हता. का, तर गॅस विझतो. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात हे कारण मला ऐकवण्यात आलं आणि मी ते मुकाट ऐकून घेतलं, कारण पंख्यानं गॅस खरंच विझतो. वरती टिनाचं छप्पर, समोर पेटलेला गॅस, बाहेर पंचेचाळीसच्या पुढे गेलेला पारा. सासूबाईंच्या पाठीवर होळीपासून मृग लागेपर्यंत घामोळं असायचं. संध्याकाळी त्या ब्लाउजची वरची बटणं सैल करून माझ्यापुढे पाठ करून बसत आणि मी पावडर लावून देई. ‘जरा जोरानं घास वं,’ म्हणत. या बाईनं आयुष्यात कधी कूलरसमोर बसून बघितलं असेल का, हा विचार माझ्या मनात तेव्हा आला नव्हता. मला माझीच आग होती.

माझी आग म्हणजे माझं मशीन. हे सगळं सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराचं. लग्नाआधी मी सीताबर्डीवरच्या एका खासगी क्लासमध्ये कंप्युटर शिकवत होते. तिथे मशीनच्या खोलीला एसी होता. चपला बाहेर काढायच्या, पाय पुसायचे, दार हळू लावायचं, देवळात शिरल्यासारखं आत जायचं. उन्हाळ्यात चपराशापासून मालकापर्यंत सगळे काही ना काही काम काढून आत येऊन बसत. नागपुरात थंड खोलीत जागा हवी असेल तर माणूस असून भागत नाही, मशीन असावं लागतं, हे मला तिथेच कळलं. पुढे क्लास बुडाला, मालकानं सामान विकायला काढलं आणि त्यातलं एक मशीन मी माझ्या भिशीतून घेतलं. हिरव्या अक्षरांचा पडदा, दोन फ्लॉप्या घालायच्या खाचा, आणि करकर वाजणारा प्रिंटर. सायकलरिक्षात घालून मी ते सक्करदऱ्याला घरी आणलं, तेव्हा गल्लीतल्या बायकांना वाटलं आमच्याकडे दुसरा टीव्ही आला.

जागा मिळाली ती स्वयंपाकघराच्या मागच्या टिनाच्या खोलीत. कुही गावच्या आमच्या शेतातला तांदूळ तिथे पोत्यांनी रचलेला असे. पोत्यांच्या मध्ये मी एक टेबल घुसवलं. नवऱ्यानं तेव्हाच सांगून ठेवलं होतं. ‘या उन्हाळ्यात यानं काही काम देल्लं तं ठीक. नाई तं इकून टाकू. पोते नीट लागून नाई राहिले.’

काम मी मिळवलं होतं. जवळच्याच एका शाळेच्या मुख्याध्यापिकांना मी महिनाभर भेटून भेटून पटवलं होतं, की पाचवी ते नववीचे निकाल मी मशीनवर करून देते. बेरजा, टक्के, क्रमांक, सगळं छापून. एक मेला झेंडावंदनानंतर मुलांच्या हातात निकाल द्यायचा असतो, त्याच्या आदल्या दिवशी कागद शाळेत पोचले पाहिजेत. मुख्याध्यापिका बाई सरळ होत्या. म्हणाल्या, ‘नीट झालं तर पुढच्या वर्षी आमच्या संस्थेच्या सगळ्या शाळांचं काम तुमच्याकडे. नाही झालं, तर मास्तर लोक म्हणतातच आहेत की घरच्या बाईला कशाला द्यायचं, आम्ही हातानं करू.’ माझं सगळं त्या निकालांवर होतं. ते झाले असते तर मशीन राहणार होतं आणि माझी म्हणून एक खोली, एक टेबल राहणार होतं. नसते झाले तर तिथे पोती.

आणि मशीन एप्रिलच्या मध्यापासून रोज दुपारी मान टाकायला लागलं. आकडे भरता भरता पडदा जागच्या जागी थिजायचा. कुठलंही बटण दाबा, काही नाही. मशीनच्या वरच्या पत्र्याला हात लावावा तर चटका. मग बंद करायचं, वर्तमानपत्रानं वारा घालत बसायचं, पुन्हा चालू करायचं. शेवटचं साठवल्यानंतर जे काही भरलं असेल ते गेलेलं असायचं. सातवी ब मी तीनदा भरली. त्या वर्गातल्या पोरांचं गणित किती कच्चं होतं ते मला अजून पाठ आहे.

सकाळी करायचं म्हणावं तर सकाळ घरातल्या बाईच्या मालकीची नसते. नळ, डबा, पूजेची भांडी, दोन भाज्या. मी मोकळी व्हायचे ती अकराला, आणि अकराला टिन तापायला लागलेलं असायचं.

म्हणून मी एकदा विचारलं. सासऱ्यांना मी मामाजी म्हणत असे. ते माझ्याशी थेट बोलत नसत, त्यांच्याकडची रीतच तशी. मी दाराशी उभी राहून म्हटलं, ‘मामाजी, पंधरा दिवस मशीन बैठकीच्या कोपऱ्यात ठेवू का जी?’

मामाजी पेपर खाली न घेता सासूबाईंना म्हणाले, ‘तिले सांग, बैठक माणसं बसासाठी हाये.’

सासूबाई माझ्याशेजारीच उभ्या होत्या. त्यांनी मान वळवून मला तेच पुन्हा सांगितलं, जणू मी बहिरी होते.

नवरा सतरंजीवर पालथा पडून कूलरची हवा मानेवर घेत होता. तो म्हणाला, ‘मशीनले काय गर्मी लागते का वं? लोखंडाचं तं हाये.’

मी दातावर दात दाबून मागे गेले. खरं सांगायचं तर, हे मागाहून सुचलं, ती हवा मशीनच्या कामाचीही नव्हती. ओली हवा ती. बैठकीतले पापडसुद्धा एका दुपारीत मऊ पडत. प्रिंटरचा कागद तर लोळागोळा झाला असता. पण हे त्या दोघांना कुठे माहीत होतं? त्यांनी नाही म्हटलं ते हवा आपली आहे म्हणून.

त्या दुपारी मी रागानं टिनाच्या खोलीत बसले होते. पश्चिमेच्या खिडकीतून भाजणारी लू आत येत होती. खिडकीत पिण्याच्या पाण्याचा जुना माठ होता. पेलाभर पाणी प्याले आणि दातांना कळ लागली, इतकं गार. आदल्या आठवड्यात ढग आले होते तेव्हा याच माठातलं पाणी कोमट होतं. हे आपल्याकडे कुणाला माहीत नाही? लू जितकी जोरात, तितका माठ जास्त पाझरतो आणि आतलं पाणी तितकं गार. पण त्या दिवशी मला ते नव्यानं दिसलं. ज्या लूनं माझं मशीन मरत होतं तीच माठाला गार करत होती. म्हटलं, या पाण्याचा गारवा मशीनपर्यंत न्यायचा आणि ओल मात्र माठातच ठेवायची.

पुढचे काही दिवस मी चोरासारखी वावरले. भाजीला म्हणून कॉटन मार्केटला जायची आणि भंगाराच्या दुकानांतून हिंडायची. एका मोडक्या फ्रिजची तांब्याची बारीक नळी मिळाली. कूलरमध्ये पाणी वर चढवतो तो लहान पंप घेतला. प्लॅस्टिकची पाइप घेतली. भंगारवाला म्हणत होता, साहेबांनी काय सांगितलंय ते नीट सांगा, उगाच भलतंच न्याल. साहेब! साहेब सतरंजीवर पालथे होते.

नळी मी लाटण्याभोवती गुंडाळून तिची वेटोळी केली. पहिली दोनदा मोडली, चेपली. नळीत बारीक वाळू भरून वाकवली तर चेपत नाही, हे तिसऱ्यांदा सुचलं. नवा माठ आणला, कारण पिण्याच्या माठात पंप सोडला असता तर सासूबाईंनी मला घरात घेतलं नसतं. पाण्यानं भरून तो खिडकीत ओल्या वाळूवर ठेवला. पंप माठात, पंपातून पाइप वेटोळ्याला, वेटोळ्यातून पाणी परत माठात. वेटोळ्याच्या मागे जुना टेबलफॅन, पुढे बुटांच्या खोक्यांचा केलेला बोगदा, आणि बोगद्याचं तोंड मशीनच्या पाठीमागच्या फटीला चिकटपट्टीनं चिकटवलेलं. दिसायला ते इतकं भिकार होतं की मीच आधी हसले.

चाललं मात्र नाही. नव्या माठाचं पाणी गारच होईना. मग घाई झाली म्हणून मी बर्फ आणून टाकला, आणि तासाभरात वेटोळ्याला घाम फुटला. ठिबक, ठिबक. एक थेंब बोगद्यातून आत जाणार तेवढ्यात मी तार उपटली.  बर्फ काढून फेकला, माठ रिकामा केला, आतून घासला, पुन्हा भरला आणि वाट पाहत बसले. नवा माठ पाझरायला लागायला वेळ घेतो. त्याची भोकं उघडावी लागतात, मातीचा वास जावा लागतो. चौथ्या-पाचव्या दिवशी माठाची पाठ ओली दिसू लागली. हात लावला तर थंडगार. वेटोळं कोरडं, हवा कोरडी आणि गार. भर दुपारी, बाहेर कुत्री नालीत पडलेली असताना, मी आठवी अ एका बैठकीत भरली आणि पडदा एकदाही थिजला नाही. मी टेबलावर डोकं ठेवून थोडी रडले. आनंदानं नाही, रागानंच. एवढ्या साध्या गारव्यासाठी मला भंगारात हिंडावं लागलं होतं.

नवऱ्यानं मित्रांना आणून ते दाखवलं. ‘पहा, आमी असं बनवलं,’ म्हणाला. आमी!

अक्षय तृतीया त्या वर्षी निकालांच्या अगदी तोंडावर आली. कागद दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत द्यायचे होते. आमच्याकडे त्या दिवशी पितरांसाठी घागर भरतात. घागर नाही तर माठ, पण कोरा पाहिजे, म्हणजे ज्यातलं पाणी अजून कुणी प्यायलेलं नाही असा. त्यात पाणी भरायचं, वाळा टाकायचा, वर खरबूज ठेवायचं. गेलेल्या माणसांना वैशाखात तहान लागते, त्यांना गार पाणी पोचतं, अशी समजूत. पुरण, वडे, चिंचवणी, आंब्याचा रस. मी पहाटेपासून स्वयंपाकघरात होते. मधल्या वेळात जाऊन नववीच्या सगळ्या तुकड्या भरून ठेवल्या होत्या आणि मशीनला बेरजा करायला लावून आले होते. वडे तळताना माझा एक कान मागच्या खोलीकडे होता. बेरजा झाल्या की प्रिंटर सुरू होणार होता. मध्येच हळदीचा डबा घेऊन सासूबाई मागे गेल्या, परत आल्या, देवघराकडे गेल्या. सणाचं घर, कोण कशासाठी कुठे जातं ते कोण बघतं.

प्रिंटर काही सुरू होईना. मी झारा तसाच ठेवून मागे गेले.

पडदा थिजलेला होता. फॅन चालू होता आणि बोगद्यातून मशीनमध्ये सरळ लू घालत होता. खिडकीत ओल्या वाळूवर माठाच्या बुडाचा गोल उमटलेला, आणि त्या गोलात पंप आडवा पडलेला. माठ नव्हता. मशीन बंद केलं, फ्लॉपी काढली. ती अर्धवट लिहिली गेली होती. नववी गेली.

माठ देवघरासमोर पाटावर होता. गळ्याभोवती सुताचा धागा, पोटावर हळदीकुंकवाची बोटं, तोंडावर पळसाचं पान आणि पानावर खरबूज. त्याची पाठ छान पाझरत होती. आठवडाभर मी पाझरायला शिकवलेला माठ तो. मामाजी सोवळं नेसून समोर बसायच्या तयारीत होते.

‘आई, हा माठ?’ मी विचारलं. 

‘कोराच हाये ना वं तो,’ सासूबाई म्हणाल्या. ‘त्याच्यातलं पाणी कोणी पेलं का?’

‘नाही.’

‘मंग? करंट लागन म्हणून पंपाचं बटन बंद केलं मी पयले. तुह्या मशीनले हात नाई लावला.’

त्यांच्या शास्त्रानं त्यांचं अगदी बरोबर होतं. मशीन पाणी पीत नाही, म्हणून माठ कोरा. मला वाद घालायलासुद्धा जागा नव्हती, आणि त्यानं माझं डोकं आणखी फिरलं. ‘पण नवा आणायचा ठरला होता ना? काल बाजारात जाऊन?’

‘त्याले सांगतलं होतं. इसरला तो.’ त्यांनी बैठकीकडे मान केली. ‘तोच म्हणे, मांगच्या खोलीत कोरा माठ हाये, तोच घे. एवढ्या उन्हात कुठं जाऊ म्हणे.’

बैठकीचं दार लोटलेलं होतं. आतून कूलरची घरघर येत होती.

आता लिहितानाही माझ्या कानशिलाशी शीर उडते. या घरात मेलेल्या माणसांना उन्हाळा लागतो हे सगळ्यांना समजत होतं. पणज्यांना तहान लागते, खापरपणज्यांना तहान लागते. भर उन्हात जाऊ नये इतका उन्हाळा नवऱ्याला लागत होता. दिवाणाला लागत होता, सतरंजीला लागत होता. तो लागत नव्हता फक्त आम्हाला. मी वाकले, खरबूज उचलून पाटावर ठेवलं, पळसाचं पान काढलं आणि माठ कडेवर घेतला.

‘ए सूनबाई,’ मामाजी म्हणाले. ते माझ्याशी पहिल्यांदाच थेट बोलत होते. ‘ठेव तो माठ खाली. पितराचा हाये.’

‘पितराले नवाच लागते जी, मामाजी,’ मी म्हटलं. ‘नवा कुंभाराकडे भेटते. मशीनले नवा चालत नाही, त्याले हाच पायजे. तुमच्या पोराले पाठवा. पितर थांबतीन घडीभर, शाळा थांबत नाही.’

माठ हिंदकळत होता, माझी साडी कमरेपासून खाली भिजली होती आणि मी चालत राहिले. मागे मामाजींचा आवाज चढला. मग बैठकीचं दार उघडलं, नवऱ्याचा आवाज आला, ‘झालं काय, बापा?’ मग थोड्या वेळानं स्कूटरला लाथा मारल्याचा आवाज. त्या वर्षीची लू त्यानं पहिल्यांदा खाल्ली असेल ती त्या दिवशी. मला जराही वाईट वाटलं नाही.

माठ वाळूवर टेकवला. वाळा काढला, पंप सोडला, बटण दाबलं. पाणी फिरायला लागलं. मशीन निवायची वाट बघत मी हळदीकुंकू लागलेले हात साडीला पुसत उभी होते, तेवढ्यात सासूबाई दारात आल्या. मला वाटलं, आता रडारड. किंवा माठ परत मागतील. मी माठाच्या आणि त्यांच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

त्या चालून चालून थकल्यासारख्या तांदळाच्या पोत्यावर बसल्या. ते पोतं बोगद्याच्या अगदी शेजारी होतं. खोक्यांच्या जोडातून थोडी हवा बाहेर निसटत असे, ती त्यांच्या मानेवर आली असावी. त्यांनी मान वळवली. मग हात पुढे केला आणि त्या फटीसमोर पंजा धरला. पंजा उलटा करून मागच्या बाजूनंही धरला.

‘गार लागते वं,’ म्हणाल्या.

‘हो.’

‘वल्ली नाई. कोरडीच हाये.’ बराच वेळ त्यांनी हात तसाच धरून ठेवला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, ‘हे हवा सयपाकघरात येते का वं?’

मी खोक्यांच्या जोडावर हात धरून पाहिला. मग म्हटलं, ‘नाही आई. एवढुशी तं हाये. मशीनपुरतीच होते.’

‘बरं,’ त्या म्हणाल्या. ‘मशीनलेच राहू दे मंग.’ आणि गुडघ्यावर हात देऊन उठल्या, उरलेले वडे तळायला गेल्या.

दिवसभर मला ज्यांचा ज्यांचा राग आला होता त्यात त्या पहिल्या होत्या. त्या वाक्यानंतर त्यांच्यावर रागावणं मला जमेना. राग गेला कुठे नाही. तो होता तेवढाच होता, उलट वाढला. फक्त आता तो कुठे नेऊन ठेवायचा ते मला नीट कळलं होतं.

नववी मी पुन्हा भरली. जेवायला गेले नाही, वाढायला गेले नाही. नवा माठ आला, पितरांचं पाणी झालं, पानं उठली, हे सगळं मला आवाजांवरून कळलं. दिवेलागणीच्या आत शेवटची तुकडी छापून झाली. मशीन एकदाही थांबलं नाही.

सकाळी मी कागद घेऊन शाळेत गेले. मुख्याध्यापिका बाईंनी चष्मा लावला, मधूनच एक पान काढलं आणि पेन्सिलीनं बेरीज केली. मग दुसरं पान. मग चष्मा काढून म्हणाल्या, ‘बसा, सरबत घ्या. पुढच्या वर्षीचं आत्ताच बोलून ठेवू.’ मी सरबत घेतलं, सगळ्या शाळांचं काम घेतलं, बोलण्यात दुपार झाली आणि उन्हातून चालत घरी आले. मशीन राहणार होतं. खोली राहणार होती. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि मला आनंद व्हायला हवा होता.

घरात शिरताना ओसरीतून गेले. कूलर घरघरत होता, खिडकीतून आत मामाजी दिवाणावर, नवरा सतरंजीवर, दोघंही घोरत. आत गेले तर सासूबाई गॅससमोर. दुपारच्या चहाबरोबर मामाजींना काहीतरी ताजं लागायचं, त्याचं चाललेलं. ब्लाउज पाठीला चिकटलेला होता आणि त्याच्या वरच्या कडेला घामोळ्याची लाल रांग दिसत होती.

मी ओसरीत परत गेले. कूलरची तार काढली. स्टँड दोन्ही हातांनी धरला आणि ढकलला. चाकं गंजलेली, ती किंचाळली. आतलं पाणी डचमळून माझ्या पायांवर आलं.

बैठकीतून मामाजींचा आवाज आला, ‘हवा काहून बंद झाली गा?’

नवरा बनियनवर बाहेर आला. डोळे अर्धे मिटलेले. ‘हे काय करून राहिली तू?’

‘कूलर नेऊन राहिली.’

‘कुठं?’

‘जिथं गर्मी हाये तिथं.’

त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. तो हसलासुद्धा. मग मी कोपऱ्यावरून कूलर आंगणात वळवला तेव्हा तो हसायचा थांबला. ‘गॅस इझन ना वं,’ तो मागून ओरडला. ‘येडी झाली का?’

चाकांचा आवाज ऐकून सासूबाई मागच्या दारात आल्या होत्या. हाताला बेसन लागलेलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कूलरकडे बघितलं, माझ्या मागे उभ्या असलेल्या आपल्या मुलाकडे बघितलं. मला वाटलं त्या आता म्हणतील, परत ने.  दाराशी पाण्याची भरलेली बादली होती, तेवढी उचलून त्यांनी वाटेतून बाजूला ठेवली.

मी कूलर दाराला भिडवला. मिक्सरचा प्लग काढून त्याचा घातला आणि बटण दाबलं. हवा एकदम आत घुसली. फळीवरचे पेपर फडफडले, बेसनाचा धुरळा उडाला, खुंटीवरची पिशवी भिंतीवर आपटली. गॅसची ज्योत आडवी झाली, दोनदा धडपडली आणि विझली.

सासूबाई घाईनं वळल्या, बटण फिरवून गॅस बंद केला. ‘विझला वं,’ त्या म्हणाल्या.

‘विझू द्या.’

‘त्याहिचा चहा व्हायचा हाये.’

‘राहू द्या.’

 मग त्यांनी पायानं पाट ओढला, खाली बसल्या आणि कूलरकडे पाठ केली. पदर खांद्यावरून पुढे घेतला. बैठकीतून मामाजींनी चहासाठी हाक मारली, मग दुसऱ्यांदा मारली. आम्हा दोघींपैकी कुणीही ओ दिली नाही.